दुसऱ्यांदा दिसू दे

ताईच्या घरी कुकरची शिट्टी झाली की दोघं जण हलतात. ताई गॅस बारीक करायला आणि दाजी घड्याळ बघायला.

"एकसष्ट सेकंद," हॉलमधून आवाज येतो. "मघाची अठ्ठावन्नवर झाली होती. रिंग बदलायला झालीय बहुतेक."

"रिंग दिवाळीत बदललीय," ताई आतून.

"मग डाळ जास्त असेल."

"डाळ रोजचीच आहे."

इथे कुठलाही शहाणा नवरा पेपरात तोंड घालतो. दाजी मात्र थोडा विचार करतात आणि म्हणतात, "दोन शिट्ट्यांवरून तसं काहीच म्हणता येत नाही. तिसरी होऊ दे." तिसरी झाली की म्हणणार, उद्याच्याही बघू.

आमचे हे दाजी पुण्यातल्या एका संस्थेत खगोलशास्त्रज्ञ आहेत. नेमकं सांगायचं तर शेजारच्या एका दीर्घिकेत, धाकट्या मॅजेलन मेघात, जोडताऱ्यांमधले क्ष-किरण पल्सार शोधतात. हे वाक्य मी आता एका दमात म्हणतो, पण लग्न ठरलं तेव्हा ते आमच्याकडे कुणाला झेपलं नव्हतं. मुलगा 'एक्स-रेमध्ये आहे' एवढंच गावाकडे पोचलं. लग्नानंतर दाजी पहिल्यांदा आले त्याच दुपारी आत्याबाई आपल्या गुडघ्याचा फोटो घेऊन हजर. दाजींनी तो पाकिटातून काढला, ट्यूबलाइटसमोर धरला, बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "एकच काढलाय?"

"हो."

"सहा महिन्यांनी आणखी एक काढा. फरक पडला तर कळेल. एकावरून काय सांगणार?"

गुडघ्याच्या डॉक्टरांनीही पुढे नेमकं हेच सांगितलं. त्यामुळे आत्याबाईंच्या लेखी दाजी डॉक्टर आहेत, आणि तेही फी न घेणारे.

अशी माणसं तुमच्याही नात्यात असतील. कुलूप लावून दोनदा ओढून बघणारे, दुकानदारानं मोजलेली मोड त्याच्यासमोर पुन्हा मोजणारे, कुणी 'पाऊस थांबला' म्हटलं की हात बाहेर काढून खात्री करून घेणारे. पण त्यांच्या संशयाला कुणी पगार देत नाही. दाजींना देतात.

त्यांचं काम काय ते समजून घ्यायचं असेल तर सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्याकडे जावं लागतं. ते आपल्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात नेऊन उभं करतात. सगळ्या फ्लॅटची दारं बंद. आतून कुकरच्या शिट्ट्या.

"ऐक. ही एक पाऊण मिनिटानं होतेय. ती दुसरी, जाडसर आवाजाची, दीड मिनिटानं. म्हणजे कमीत कमी किती कुकर?"

"दोन."

"कुठल्या घरात?"

"ते कसं सांगणार?"

"बरोब्बर! आरएक्सटीईची हीच अडचण होती."

आरएक्सटीई हा नासाचा उपग्रह १९९५ च्या ३० डिसेंबरला वर गेला. त्याच्या मोठ्या उपकरणाला चित्र काढता येत नसे. आकाशाचा अंशभर रुंदीचा तुकडा समोर धरायचा, तिकडून येणारा क्ष-किरणांचा प्रत्येक कण मोजायचा आणि तो कधी आला ते टिपायचं, एवढंच त्याला येई. पण ते तो फार चोख करी. १९९७ पासून २०१२ च्या जानेवारीत बंद पडेपर्यंत जवळपास दर आठवड्याला तो धाकट्या मेघाकडे बघत होता. त्या कणांच्या गर्दीत कुणीतरी ठरावीक अंतरानं शिट्टी देतंय का, हे शोधायचं. कुठल्या घरात, ते नंतर. त्यासाठी चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन अशा, चित्र काढू शकणाऱ्या दुर्बिणी लागतात. मग चिलीमधल्या लास कंपानासच्या डोंगरावर पोलंडच्या लोकांनी ओगल नावाच्या प्रकल्पात वर्षानुवर्षं काढलेल्या नोंदी चाळायच्या आणि त्या ठिकाणचा दिसणारा तारा पकडायचा.

एवढं होईपर्यंत खालच्या मजल्यावरचे काका दूध आणायला बाहेर पडतात, आम्हाला बंद दारांना कान लावून उभे बघतात, आणि काही न बोलता उतरतात. सवय झालीय त्यांना.

आता शिट्टी कोण देतं? एक भलामोठा तारा फुटून मागे उरलेला गोळा. वस्तुमान सूर्याच्या जवळपास दीडपट आणि व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. हा न्यूट्रॉन तारा. त्याचा जोडीदार बहुतेक वेळा बी-ई जातीचा, निळा, तापट, स्वतःभोवती इतक्या वेगानं फिरणारा की कमरेच्या भागातून वायू बाहेर फेकला जाऊन त्याची चकती होते. न्यूट्रॉन तारा लांबट कक्षेतून फिरत फिरत कधीतरी या चकतीपाशी येतो आणि तिथला वायू ओढून घेतो. तो वायू चुंबकीय क्षेत्राच्या वाटेनं त्याच्या ध्रुवांवर आदळतो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सुटतात. तारा फिरतो तसा हा झोत आपल्यावरून जातो, येतो, जातो. पुढे न्यूट्रॉन तारा चकतीपासून लांब गेला की सगळं शांत.

"शांत म्हणजे मेला नाही," दाजी बजावतात. "नेहमी पेटलेला नसतो, एवढंच."

त्यांच्या स्वभावाची किल्ली मला वाटतं इथे आहे. ज्याच्या धंद्यातली गिऱ्हाइकं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं दार लावून बसतात, तो माणूस घाई कशी करणार? एलआयसीचा एजंट असो, लग्नाचं स्थळ असो, नाहीतर नवा फ्रिज असो, पहिल्या भेटीत दाजींनी होकार दिल्याचं मला आठवत नाही. ताईला मात्र पहिल्या भेटीत दिला होता. तो विषय निघाला की ते म्हणतात, "तिथे सिग्नलच एवढा स्ट्राँग होता." ताई अजून लाजते. नंतर तिला आठवतं की आपल्याला सिग्नल म्हटलंय.

या पल्सारांना नावं नसतात, नंबर असतात. स्वतःभोवतीच्या एका फेरीला जितके सेकंद, तेच त्याचं नाव. सर्वांत चपळ मंडळींत ०.७२, सर्वांत मंद मंडळींत १३२३. मधे साठाहून जास्त जण. दाजी त्यांच्याबद्दल घरच्यासारखं बोलतात. "काल सातशे छप्पन्न उठला." "एक हजार बासष्टचं काही कळत नाही मला." हा हजार बासष्ट एका ताज्या स्फोटाच्या अवशेषात बसलेला आहे, म्हणजे वयानं अगदी लहान, आणि चाल मात्र म्हाताऱ्याची, एका फेरीला अठरा मिनिटांच्या जवळपास. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या चमूंनी त्याच्याविषयी लिहिलं. एवढ्या कमी वयात तो इतका मंद कसा, हा दाजींच्या घरी जेवणाच्या टेबलावरचा जुना विषय आहे. नवखा पाहुणा काही वेळ समजतो की सोसायटीतल्या कुणा मुलाबद्दल चाललंय.

सातशे छप्पन्न तर कालनिर्णयवर आहे. तो साधारण तेरा महिन्यांनी एकदा पेटतो, आणि तसा नेमाचा आहे. दाजी नवं कालनिर्णय आलं की आधी त्याची तारीख काढून पेन्सिलीनं मांडतात. त्याच चौकोनात ताईचा दुधाचा हिशोब, वर संकष्टी. एका वर्षी ताईच्या सासूबाईंनी तो आकडा गॅसचा नंबर समजून एजन्सीत सांगितला होता.

एका छोट्याशा दीर्घिकेत एवढे सापडतात याचा दाजींना जो अभिमान आहे, तो लोकांना आपल्या गावच्या शाळेच्या निकालाचा असतो. आपल्या आकाशगंगेच्या मानानं धाकट्या मेघाचं वस्तुमान पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. त्या हिशोबानं तिथे असे जोडतारे एक-दोन असायला हवे होते. आहेत मात्र आकाशगंगेशी बरोबरी करण्याइतके. चार-पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे ताऱ्यांच्या जन्माची मोठी लाट येऊन गेली, बहुधा शेजारच्या थोरल्या मॅजेलन मेघाशी झालेल्या ओढाताणीतून. त्या लाटेतले जे दांडगे होते ते फुटून त्यांचे न्यूट्रॉन तारे झाले आणि त्यांचे जोडीदार नेमके आज बी-ई वयात आहेत. आणखी काही कोटी वर्षांनी बघायला गेलो असतो तर हात हलवत परत आलो असतो. शिवाय अंतर सगळ्यांचं साधारण सारखं, दोन लाख प्रकाशवर्षं, त्यामुळे कोण किती तेजस्वी ते लगेच ताडून बघता येतं. आकाशगंगेतल्या पल्सारांचं अंतर काढताना लोक रडकुंडीला येतात. "आमच्याकडे तो त्रास नाही," दाजी म्हणतात. आमच्याकडे म्हणजे तिकडे.

दाजींचा सर्वांत भयानक प्रश्न म्हणजे "ट्रायल्स किती?"

मी एकदा म्हणालो, "मी मॅच बघायला बसलो की भारत हरतो." आपण सगळेच असं काहीतरी म्हणतो, समोरचा हसतो, विषय संपतो. दाजींनी चमचा खाली ठेवला.

"न बघितलेल्या मॅचेसमध्ये किती हरले, ते मोजलंस?"

"नाही."

"आणि हरले नसते तर हा सिद्धांत काढला असतास?"

"नाही."

"मग दुसरा काढला असतास. मी निळा शर्ट घातला की जिंकतात. मी गच्चीत गेलो की विकेट पडते. म्हणजे तू पन्नास गोष्टी तपासल्यास आणि जी जुळली ती मला सांगतोयस. ट्रायल्स किती, हे आधी सांगायचं."

यामागे त्यांचं रोजचं दुखणं आहे. कणांच्या वेळांच्या यादीतून नाडी काढायची म्हणजे संगणकाला लाखभर वेगवेगळे काळ तपासायला लावायचे. हजारात एकदा निव्वळ योगायोगानं येईल असा उंच सुळका, लाख ठिकाणी बघितलं तर शंभर वेळा येणारच. त्या शंभरांतला प्रत्येक जण शोध लागल्यासारखा दिसतो. त्यातून उपग्रह पृथ्वीभोवती दीड तासाला एक फेरी मारतो, त्याचा ठसा नोंदींत उमटतो. शहाण्णव मिनिटांची नाडी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दाजी आधी चहा पाजतात, मग सांगतात. मग जुन्या पल्सारांचे दुप्पट आणि निमपट. मेघात एक ४६.६ सेकंदांचा आहे, दुसरा ९१.१ चा. दोघं एकाच वेळी पेटले तर एकाची दुप्पट दुसऱ्याच्या इतकी जवळ जाते की भल्याभल्यांनी डोक्याला हात लावावा. "आधी हार्मोनिक नाही ना ते बघ," हे वाक्य दाजी झोपेत बोलतात, असं ताई सांगते.

वेळेचाही असाच छळ. पृथ्वी सूर्याभोवती फिरतेय, उपग्रह पृथ्वीभोवती, त्यामुळे कण आपल्यापर्यंत कधी जरा लवकर येतो, कधी उशिरा. म्हणून प्रत्येकाची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन मांडावी लागते. ताईनं स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलंय, सगळे वेळेवर निघावेत म्हणून. दाजी मनातल्या मनात पाच वजा करतात. बेडरूमचं तीन मिनिटं मागे आहे, तिथे तीन मिळवतात. कुणी विचारलं, "किती वाजले?" तर विचारतात, "कुठल्या खोलीत?" एवढं करून लग्नकार्याला ते मंगलाष्टकं संपल्यावरच पोचतात.

आता या कथेतला सर्वांत मोठा विनोद. दाजी ज्या मेघावर आयुष्य काढतायत, तो पुण्यातून दिसत नाही. दुर्बीण लावूनही नाही. पुणं साडेअठरा अंश उत्तरेला, मेघ आकाशात जवळजवळ त्र्याहत्तर अंश दक्षिणेला. तो आपल्या क्षितिजाच्या वर येतच नाही. कोजागिरीला गच्चीवर सोसायटीचं दूध आटत होतं, तेव्हा कुणीतरी उत्साहानं विचारलं, "तुमची ती दीर्घिका कुठाय हो?" दाजींनी दक्षिणेकडे तोंड केलं आणि कठड्याखाली, पार्किंगच्या दिशेला बोट दाखवलं. सगळे वाकून बघू लागले. खाली वॉचमन होता.

एका दिवाळीच्या सुट्टीत सगळे गोव्याला गेलो. जागा दाजींनी निवडली, काणकोण. ताईला वाटलं, तिथे गर्दी कमी असते म्हणून. खरं कारण रात्री जेवताना कळलं. गोव्यात जितकं दक्षिणेला जाल तितका मेघ क्षितिजाच्या वर येतो, आणि काणकोणला तो साधारण दोन अंश येतो. हात लांब धरला तर एका बोटाच्या जाडीएवढा. नोव्हेंबरात तो रात्री साडेनऊ-दहाला सर्वांत वर असतो. म्हणून माशांची थाळी अर्धी टाकून आम्ही सगळे दक्षिणेला मोकळा समुद्र दिसेल अशा एका खडकावर जाऊन बसलो. दाजींनी होकायंत्र काढलं. समोर धूसर पट्टा, त्यात मच्छीमार बोटींचे दिवे. 

"दिसतोय?"

"नाही. दोन अंशांवर धुळीतूनच बघावं लागतं, दिसणार नाही."

"मग आलो कशाला?"

"पण वर आलाय ना," दाजी म्हणाले. खूश होते. पुण्यात तो जमिनीखाली असतो, इथे नुसता धुक्यामागे होता. भाची म्हणाली, "बाबा, आपण धुक्याकडे बघतोय," आणि तिला आईसक्रीम मिळालं. आता त्यांच्या मनात कन्याकुमारी आहे. तिथे चांगला नऊ अंश वर येतो. ताईला अजून वाटतंय की विवेकानंद स्मारकासाठी चाललोय.

प्रत्यक्ष डोळ्यांनी त्यांनी तो पहिल्यांदा बघितला दक्षिण आफ्रिकेत, नोकरीत केस पांढरे झाल्यावर. तिथे सदरलंड नावाच्या गावाजवळ, करूच्या माळरानावर साल्ट ही मोठी दुर्बीण आहे. पुण्याची आयुका ही संस्था तिच्यात भागीदार आहे. केप टाउनला परिषद होती, तिथून हे सदरलंडला गेले. रात्री अडीच वाजता ताईचा फोन वाजला. परदेशातला नंबर, अडीच वाजता. तिचे हातपाय गळाले.

"दिसला!" दाजी ओरडले.

"कोण?"

"अगं, आपला! नुसत्या डोळ्यांनी! दुर्बीण नाही, काही नाही!"

ताईनं आधी देवाला हात जोडले, मग नवऱ्याला चार शब्द सुनावले, आणि मग विचारलं, "कसा आहे?" पलीकडे जरा वेळ काही नाही. "लहान आहे गं," दाजी म्हणाले. "मला वाटलं होतं त्याहून लहान." आयुष्यभर ज्याच्याशी पत्रव्यवहार केला त्याला भेटल्यावर दुसरं काय म्हणणार?

त्यांच्या टेबलावर एका बाईंचा जुना फोटो आहे. कामवाल्या मावशींना बरेच दिवस त्या सासूबाईंच्या कुणी थोरल्या जाऊबाई वाटत. त्या हेन्रिएटा लेविट. अमेरिकेत हार्वर्डला बसून, पेरूमधल्या अरेकिपाहून आलेल्या काचेच्या प्लेटांवर त्यांनी याच धाकट्या मेघातले तेज बदलणारे तारे शोधले. १९१२ मध्ये त्यांतल्या २५ ताऱ्यांवरून दाखवून दिलं की ज्याचा काळ लांब तो तारा जास्त तेजस्वी. विश्वातली अंतरं मोजण्याची पट्टी तिथून मिळाली. हार्वर्डहूनही मेघ दिसत नाही. कुणी फारच छेडलं तर दाजी फक्त त्या फोटोकडे मान वळवतात.

२०१८ च्या ३० एप्रिलला आरएक्सटीई वातावरणात शिरून जळाला. तो बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी दाजी दिवसभर गप्प. शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "कुणी गेलं का हो?" दाजी म्हणाले, "सोळा वर्षं काम केलं त्यानं. एक सुट्टी नाही." काकू हळहळल्या. संध्याकाळी त्यांनी पिठलं-भाकरी पाठवली आणि दाजींनी ती न कचरता खाल्ली. 

खरं तर त्याच्या नोंदी अजून सर्वांसाठी खुल्या आहेत आणि दाजी अजून त्याच उपसतात. तिथेच त्यांना काही वर्षांपूर्वी एक सुळका दिसला. जुन्या कुणाशी जुळत नाही, दुप्पट नाही, निमपट नाही, ट्रायल्स धरूनही पुरेसा उंच. पण एकदाच, एका आठवड्यात. पुढच्या आठवड्यात काही नाही. त्याचा आकडा त्यांनी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मी विचारला तर म्हणाले, "सांगितला की तू लक्षात ठेवशील. लक्षात राहिलं की खरं वाटायला लागतं. दुसऱ्यांदा दिसू दे."

मला हे वेड वाटायचं. याच स्वभावापायी एकदा त्यांचा घास गेलाय. एक नवा पल्सार त्यांना जाणवला होता, पण त्यांनी ठरवलं, अजून एक निरीक्षण मिळू दे. सकाळी चहा घेताना बघतात तर ॲस्ट्रोनॉमर्स टेलिग्राम या शोध जाहीर करायच्या संकेतस्थळावर परदेशातल्या एका चमूनं तोच जाहीर केलेला. मी चिडलो, ताई तर त्या लोकांना मराठीत बोलली. दाजींनी चहा तसाच ठेवून आपल्या नोंदी त्या काळावर घडी घालून बघितल्या. लाट स्वच्छ उमटली. "बरोबर काढलाय त्यांनी," म्हणाले, आणि अभिनंदनाची मेल लिहायला बसले. मेलमध्ये आपल्या नोंदीही जोडल्या, त्यांना उपयोग होईल म्हणून. ताई दोन दिवस बोलली नाही, त्यांच्याशी नव्हे, लॅपटॉपशी.

तरी मधे एक गोष्ट अशी झाली की माझा सूर जरा खाली आला. दोन्ही मेघांमधल्या पुलासारख्या पट्ट्यात एक स्रोत आहे. १९९३ मध्ये रोसाट उपग्रहाला तो भडकलेला दिसला होता, मग पुन्हा नाही. सव्वीस वर्षं कुणाला दर्शन नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात तो अचानक इतका पेटला की सगळ्यांची धांदल उडाली, आणि त्याची नाडी सापडली, ९.३ सेकंद. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानंही त्याला बघितलं, मुंबईच्या टीआयएफआर या संस्थेत घडवलेल्या उपकरणांनी. दाजींनी त्या दिवशी पेढे आणले. यात त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "सव्वीस वर्षांनी आला की नाही? मग आमचाही येईल." मी पेढा तोंडात टाकला, दुसरं काय करणार?

परवा एक वेगळंच लचांड झालं. दाजींना जिना चढताना धाप लागली म्हणून ताईनं त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे ओढत नेलं. मीही होतो. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, सोडलं आणि म्हणाले, "बहात्तर."

"किती वेळ मोजलीत?" दाजींनी विचारलं.

"पंधरा सेकंद. गुणिले चार."

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे अठरा ठोके. एक इकडेतिकडे झाला तर अडुसष्ट किंवा शहात्तर. तुम्ही बहात्तर कसं म्हणता?"

"अहो, शहात्तर असली तरी चालते."

"चालते ना. पण बहात्तर म्हणू नका."

डॉक्टर आम्हाला पुष्कळ वर्षं ओळखतात, म्हणून हसले. पण स्टेथोस्कोप लावल्यावर मधेच एक ठोका चुकतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी चोवीस तासांचं होल्टर लावायला सांगितलं. ताईचं तोंड उतरलं. दाजींचं उजळलं. छातीवर वायरी, कमरेला डबी, अखंड चोवीस तासांची नोंद! दिवसभर ते वहीत लिहीत होते: ४.१० चहा, ५.३० जिना, ७.०५ बातम्या, ७.२० बातम्या बंद. रात्री ताईला झोप नाही, आणि हे कुशीवर वळण्याची वेळ लिहून घ्यायला तिलाच सांगतायत.

रिपोर्टच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी चष्मा लावला. "विशेष काही नाही. अकरा ठोके चुकलेत."

आणि मग मी कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. दाजी पांढरे पडले. "अकरा?" ते म्हणाले. आवाज बारीक. मॅचेस मोजायला लावणारा, आत्याबाईंच्या गुडघ्याला सहा महिने थांबवणारा माणूस त्या अकरावर अडकला होता. "एवढे?"

ताईनं पर्स खांद्याला लावली. "कितीपैकी?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"काय?"

"ठोके. एकूण किती झाले?"

डॉक्टरांनी कागद उलटला. "लाखाच्या वर आहेत. एक लाख तीन हजार काहीतरी."

"लाखात अकरा," ताई दाजींना म्हणाली. "उठा आता. बाहेर लोक खोळंबलेत."

दाजी बसूनच राहिले. हळूहळू रंग परत आला, मान हलली, ओठ पुटपुटले, बहुतेक भागाकार. मग उठले, डॉक्टरांशी हात मिळवला, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून खिशात हात घातला.

"रिपोर्ट राहू दे हो तुमच्याकडे. मूळ डेटा मिळेल का? पेनड्राइव्ह आणलाय."